हौशी ड्रायव्हर खेळाडू आहे की नाही? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या विमा कंपनीचं पत्र आलं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर कार रेसमध्ये माझं मनगट मोडलं, आत स्क्रू घालावा लागला. त्या ऑपरेशनचा क्लेम कंपनीने नाकारला आहे. कारण दिलंय एका ओळीत: व्यावसायिक मोटर रेसिंग.

महोदय, मी पिंपरीतल्या एका कारखान्यात डिझाइन विभागात नोकरी करतो. रेसिंगमधून मला आजवर एक रुपया मिळालेला नाही. एंट्री फी माझी, गाडीचं भाडं माझं, टायर माझे. गाडी ठोकली की दुरुस्तीचं बिलही टीम माझ्याच हातात ठेवते. गुरुवारी रात्री पुण्याहून निघायचं, शुक्रवारी प्रॅक्टिस, शनिवारी क्वालिफायिंग, रविवारी रेस, आणि सोमवारी ऑफिसात वेळेवर हजर. बायकोचे दागिने सोडून घरातलं सगळं या नादापायी एकदा तरी पणाला लागलंय. याला व्यवसाय म्हणतात?

विमा नियामकाने 2019 साली सगळ्या आरोग्य विम्यांसाठी वगळायच्या बाबींची भाषा एकसारखी करून दिली. त्यात मोटर रेसिंगचं नाव आहे, पण 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतला तर. हौशी माणसाला वगळा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कंपनीने काय केलं? माझं स्पर्धेचं लायसन्स पाहिलं आणि मला व्यावसायिक ठरवून टाकलं. लायसन्स नसतं तर ट्रॅकवर उतरू दिलं नसतं, आणि लायसन्स काढलं म्हणून उपचाराचे पैसे नाहीत. विमा माझ्या खात्यात येत नाही, असं उत्तर कृपा करून देऊ नका. खेळाडू तर तुमच्या खात्यात येतो ना?

अपघात काय होता तेही सांगतो, कारण 'एवढा जीव वर आला होता तर कशाला गेलात' हे मी नातेवाइकांपासून क्लेमच्या टेबलापर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. वळणावर पुढच्या गाडीचं तेल सांडलं होतं, माझी मागची चाकं सुटली. आदळणार असं दिसलं की स्टीअरिंग सोडून हात छातीशी घ्यायचे, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. पुढचं चाक कशाला लागलं की स्टीअरिंग झटक्यात फिरतं आणि मनगट पिळून काढतं. माझा डावा हात सुटला. उजवा सुटेपर्यंत ट्रॅकच्या कडेची टायरची भिंत आली होती. मानेला हॅन्स, म्हणजे धडकेत डोकं-मान झटक्यापासून सांभाळणारं साधन, होतं म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे.

हे हॅन्स, हेल्मेट, पट्टे, आगीपासून वाचवणारा सूट, सगळं एफआयएच्या, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, शिक्क्याचं लागतं, आणि लागायलाच हवं. पट्ट्यांची मुदत पाच वर्षं. ती संपली की पट्टा कोराकरकरीत दिसला तरी स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, गाडी अडते. यातलं बहुतेक सामान परदेशातून येतं आणि त्यावर आम्ही कस्टम ड्युटी भरतो. माझी मान वाचवणाऱ्या वस्तूवर सरकार कर कोणत्या तोंडाने घेतं?

आता तुमच्या मंत्रालयाविषयी. 2009 मध्ये भारतातल्या आयोजकांना फॉर्म्युला वन रेसची फी परदेशी पाठवू द्यायला मंत्रालयाने नकार दिला. हा खेळ नाही, करमणूक आहे, म्हणे. 2011 मध्ये पहिली भारतीय ग्रां प्री, म्हणजे इथली फॉर्म्युला वन रेस, झाली तेव्हा उत्तर प्रदेश सरकारने करमणूक कर माफ केला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिकिटांचे 25 टक्के पैसे बाजूला ठेवायचा आदेश झाला. 2013 नंतर फॉर्म्युला वन इथे आलीच नाही. 2010 मध्ये फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनला पद्मश्री आणि 2019 मध्ये रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार दिलात तेव्हा मात्र हा खेळ होता. म्हणजे फोटो काढायचा तेव्हा खेळाडू, वसुलीच्या वेळी करमणूक, आणि हाड मोडलं की धोकादायक धंदा!

हैदराबादेत फेब्रुवारी 2023 मध्ये फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस, झाली. सरकार बदललं आणि 2024 ची रेस रद्द. मध्य प्रदेशात पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सरकार बांधू शकतं. पण अर्धा देश ज्या महाराष्ट्रात बनलेल्या गाड्या चालवतो, तिथे आंतरराष्ट्रीय दर्जाचा एक कायमचा रेस ट्रॅक नाही. पुण्यातल्या एका बक्षीस समारंभात एका पुढाऱ्याने 'दोन वर्षांत ट्रॅक देतो' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. मी पुढच्याच रांगेत होतो. त्या जागेची मोजणीसुद्धा झालेली नाही. पोरं मग घाटात रेस लावतात, पोलीस मोटार वाहन कायद्याचं कलम 189 लावतात, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पकडायची व्यवस्था आहे, पोरांना न्यायची जागा नाही.

2023 मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जानेवारीत एक ज्येष्ठ ड्रायव्हर गेले, ऑगस्टमध्ये बाइक रेसमध्ये तेरा वर्षांचा मुलगा गेला. मला सांगा, त्यानंतर या देशातल्या हौशी स्पर्धकांसाठी दिल्लीतून काय बदललं? आमच्यापर्यंत तर काहीच पोचलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. लायसन्सधारक हौशी ड्रायव्हर म्हणजे व्यावसायिक नव्हे, हे अर्थ मंत्रालयाकडून विमा कंपन्यांना लेखी कळवून घ्या. प्रमाणित सुरक्षा साहित्यावरची ड्युटी काढा. आणि महाराष्ट्रात ट्रॅक होणार असेल तर जागा आणि तारीख जाहीर करा. होणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे पुण्यातली कार्टिंग करणारी मुलं चेन्नई-कोइमतूरला बिऱ्हाड हलवायचं की हेल्मेट विकायचं ते ठरवतील.

क्लेम फेटाळल्याच्या पत्राची आणि माझ्या पगाराच्या स्लिपची प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि मी व्यावसायिक कसा, ते मला लेखी कळवा.

आपला,
एक हौशी रेसिंग ड्रायव्हर, पुणे