गुळवेल ‘सिद्ध’ झाली म्हणजे नेमके काय झाले?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पानावर रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पतींबद्दल लेख आला. गुळवेलीपाशी त्यात एकच वाक्य होते : हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत २९ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. त्यातली अकरा वर्षे वनस्पतींच्या अर्कांवर गेली, आणि हाताखालून गेलेली पहिली वनस्पती गुळवेलच. ते वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

गुळवेल आमच्याकडे हिरव्या कांडांच्या जुड्या बांधून यायची. पहिले काम ओळख पटवण्याचे. वनस्पतिशास्त्राचे सर नखाने वरची कागदासारखी पातळ साल सोलून खालचा हिरवा रंग दाखवायचे. कांड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. संस्कृतात तिला ‘चक्रलक्षणा’ का म्हणतात ते मला तिथे कळले. एक फांदी वाळवून, कागदावर लावून, क्रमांक घालून कपाटात जायची, म्हणजे उद्या कोणी विचारले तर नेमकी कोणती वेल वापरली ते दाखवता यावे. मग कांडे सावलीत वाळवायची, भरड कुटायची, एक अर्क पाण्यात काढायचा, दुसरा अल्कोहोलमध्ये. गोठवून सुकवल्यावर तपकिरी भुकटी उरायची. ती हवेतला ओलावा इतका ओढते की पावसाळ्यात वजन करेपर्यंत बाटलीत चिकटा व्हायचा. एकाच कांडाचे हे दोन अर्क पेशींवर सारखे वागत नसत.

उंदराच्या पोटाच्या पोकळीतून मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, काढून आम्ही ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ठेवायचो आणि अर्क घालायचो. पेशी चेतल्या की नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, आणि मग त्याचा माग दाखवणाऱ्या ‘ग्रीस’ नावाच्या अभिकारकाचे काही थेंब टाकले की खळगा गुलाबी होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुपारी माझी अख्खी रांग गडद गुलाबी झाली. मी प्लेट घेऊन जवळजवळ धावतच सरांच्या खोलीत गेले. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि एवढेच म्हणाले, ‘हेच आता पॉलिमिक्सिन-बी घालून परत कर.’ परत केले. रांगेतला गुलाबी रंग जवळपास गेला होता. पॉलिमिक्सिन-बी हे औषध एंडोटॉक्सिन नावाच्या जिवाणूंच्या विषाला निकामी करते. म्हणजे पेशींना चेतवले होते ते वेलीने नव्हेच, तर अर्कात शिरलेल्या एंडोटॉक्सिनने. हा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला भाग असतो. ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करण्याच्या यंत्राच्या वाफेत जिवाणू मरतात, हा मात्र शिल्लक राहतो. काचेची भांडी २५० अंशांवर कोरडी भाजावी लागतात. ग्रॅमच्या काही अब्जांश एवढासा अंशही मॅक्रोफेजना जागे करायला पुरतो. आणि वेल तर उघड्यावर वाढते, तिच्यावर जिवाणू असणारच. तेव्हापासून प्रत्येक अर्काची आधी एंडोटॉक्सिनसाठी तपासणी करायची हा आमचा नियम झाला. ती चाचणी ज्याच्या निळ्या रक्तापासून बनते त्या नालखेकड्याचे जातभाई ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतात.

यावरून गुळवेलीत काही नाही असे कोणी समजू नये. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी तिच्यातून ‘जी१-४ए’ नावाचे, शर्करांच्या लांब साखळीचे एक संयुग वेगळे केले. ते आधी दिलेले उंदीर एंडोटॉक्सिनच्या घातक मात्रेपासून वाचले. त्याच्याही आधी, १९९३ साली, परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. निर्मला रेगे, डॉ. रवी बापट, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाने अभिमानाने वाचावा असा तो आहे. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेले ३० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागलेले. शस्त्रक्रियेआधी पित्ताचा निचरा करताना एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातल्या निम्म्या रुग्णांत रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० टक्के आणि ९२.४ टक्के.

रुग्ण थोडेच होते, पण त्या निबंधातली एक ओळ मला फार मोलाची वाटते. यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच राहिले. बदलले ते न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचे जंतू गिळण्याचे आणि मारण्याचे बळ. म्हणजे वेलीने यकृत बरे केले नाही, तिने पेशींना लढायला लावले. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने खचली होती त्यांना, मोजलेल्या मात्रेत, ठरावीक दिवस, सर्जनच्या डोळ्यांसमोर.

आता घरचे सांगते. माझी थोरली बहीण, आमची ताई, हिला बरीच वर्षे थायरॉईडचा त्रास आहे. तिचे स्वतःचेच प्रतिकारतंत्र त्या ग्रंथीवर उलटले आहे. २०२० च्या गणपतीनंतर तिने कडूनिंबावरच्या गुळवेलीचा काढा सुरू केला. वीतभर कांड, दोन पेले पाणी, आटवून अर्धा पेला, रोज सकाळी. चार महिने एक दिवस चुकला नाही. तेव्हाच्या आयुष मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेतसुद्धा गुळवेलीची घनवटी पंधरा दिवस किंवा महिनाभर असे म्हटले होते, पण ते घरोघरी पोचले नाही. पोचले ते फक्त ‘घ्या’. जानेवारीत तिची लघवी हळदीसारखी झाली, मग डोळे. डॉक्टरांनी काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडेना. शेवटी त्यांनी विचारले, ‘घरचे काही औषध घेता का?’ ताई म्हणाली, ‘नाही.’ काढा हे तिच्या लेखी औषध नव्हतेच. मी बाजूला उभी होते, मी सांगितले. काढा बंद झाला आणि यकृताचे आकडे जागेवर यायला उन्हाळा संपला. मला आजही सलते ते हे, की अकरा वर्षे हीच वेल हाताळून मला तो काढा उकळताना कधी खटकला नाही.

त्याच वर्षी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधल्या अशाच सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये तो निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले आणि वेलीची ओळख नीट पटवली होती का, असा प्रश्न केला, कारण तिच्यासारखी दिसणारी खडबडीत कांडाची दुसरी एक जात विषारी परिणाम करू शकते. प्रश्न रास्त होता. आमचे सरही आधी तेच विचारत. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद आली आणि त्यांतल्या बहुतेकांचे चित्र आपलेच प्रतिकारतंत्र यकृतावर उलटल्यासारखे होते. मला यात केईएमच्या अभ्यासाशी भांडण दिसत नाही. पेशींना लढायला लावणारी वस्तू, आधीच स्वतःच्या घरावर चालून जाणाऱ्या पेशींनाही बळ देणार. गुण तोच आहे, माणूस वेगळा.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे शब्द मला अपुरे वाटतात. मूत्रपिंड रोपण झालेला माणूस टॅक्रोलिमस घेतो, तेही निसर्गाचेच, जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले. ते प्रतिकारशक्ती दाबून ठेवते म्हणून त्याचे नवे मूत्रपिंड टिकते. आणि निसर्गातली वस्तू नीट घडवली तर काय होते हे पाहायला पुण्याच्या पलीकडे जायला नको. तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीत चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीतले, प्रतिकारतंत्राला चेतवणारे सॅपोनिन असते. पाण्यात घोळले तर रिठ्यासारखा फेस येतो. त्या सालीचा ढोबळ अर्क जनावरांच्या लशींत चालायचा, माणसांना तो झेपत नव्हता. संशोधकांनी त्याचे भाग एकेक करून वेगळे काढले आणि दोन भाग, ८५ ला १५ या प्रमाणात, चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या लशीची शिफारस केली. झाडाच्या सालीपासून आफ्रिकेतल्या बाळाच्या मांडीपर्यंतचा हा रस्ता कित्येक दशकांचा आहे. गुळवेलीलाही तो मिळावा असे मला मनापासून वाटते. तिच्यावर इथल्या माणसांनी सुरू केलेले काम अर्धवट राहिले आहे, आणि ‘सिद्ध झाले’ म्हटले की पुढचे काम करायला पैसे मागायचे तरी कशाला?

संपादक महोदय, असा लेख छापताना लेखकाला एवढे विचारावे : प्रयोग प्लेटमध्ये झाला, उंदरांवर की माणसांवर? कोणता अर्क, किती, किती दिवस? आणि ज्यांना थायरॉईडचा, संधिवाताचा, सोरायसिसचा आजार आहे, ज्यांचे यकृत आधीच दुखावले आहे किंवा ज्यांचे रोपण झाले आहे, त्यांनी काय करावे? उत्तर दोन ओळींत मावते.

आमच्या मजल्यावरच्या काकांचे सहा वर्षांपूर्वी मूत्रपिंड रोपण झाले. रविवारी ते तुमचे ते पान कापून घेऊन आले आणि सोसायटीच्या मागच्या कडूनिंबावरची वेल मला ओळखता येईल का म्हणून विचारत होते. ओळखता येते. मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे. हे पान आणखी कोणी कोणी कापून ठेवले असेल, म्हणून येत्या रविवारी त्याच जागी एक चौकट छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डोंबिवली