हॉलच्या ग्रँटची मीटिंग, रविवारी सकाळी १० ला

मंडळी, गावच्या हॉलसाठी सरकारी ग्रँटचा अर्ज करायचाय त्याची मीटिंग येत्या रविवारी हॉलमध्येच आहे, तमिळ, तेलुगू, मुस्लिम, क्रिओल (आफ्रिकन वंशाची इथली मंडळी) सगळ्यांकडची माणसं येणारेत आणि मागच्या वेळी आपल्या मराठी मंडळाकडून दोघंच होते, लाज वाटली हो.

मॉरिशसचं सरकारी वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे खर्चाचे आकडे आत्ताच द्यायला हवेत. नोव्हेंबरपासून वादळांचा सीझन, स्टेजवरचा पत्रा अजून तसाच, गेल्या पावसात ढोलकी भिजून फुगली ती सगळ्यांनी बघितलीच.

येताना:
- खजिनदारांनी हिशोबाची वही आणि रजिस्ट्रारकडे (संस्थांची नोंदणी करणारं ऑफिस) भरलेल्या वार्षिक हिशोबाची कॉपी (हे नसेल तर पुढे बोलायलाच नको)
- पत्र्याची दोन तरी कोटेशनं, तोंडी नाही, कागदावर
- वर्षभरात हॉल कोणी कशाला वापरला त्याची यादी, गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद, ख्रिसमस, लग्नं, सगळं

आणि एक, अर्ज हॉलच्या नावाने जाणार, आपल्या मंडळाच्या नाही, त्यावरून परत वाद नको. मीटिंग क्रिओल भाषेत होईल. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथे नाव टाका, चहाचं मावशी बघतायत.