जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा आग्रह नको

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार) साथ आली, तेव्हा दूषित पाण्याची भरपूर चर्चा झाली. उपचारांची मात्र अर्धवटच.

जुलाब घडवणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूच्या आवरणावरील शर्करा आपल्या मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड या शर्करायुक्त घटकासारखी दिसते. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूलाच चिकटतात. मग रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिने तिथे जमून मज्जातंतूच्या पटलाला भोके पाडतात, तर टीएनएफ-अल्फासारखी सायटोकाइन्स (पेशींना संदेश देणारी प्रथिने) दाह वाढवतात. म्हणूनच जुलाब थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पाय लुळे पडू लागतात.

दाह आहे म्हणून स्टेरॉइड द्या, असा आग्रह नातेवाईक धरतात. तो कृपया धरू नये. जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा फायदा होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तर सुधारणा लांबू शकते. (सीआयडीपी या मज्जातंतूंच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात मात्र स्टेरॉइड उपयोगी पडतात, घोळ तिथूनच होतो.) उपयोग होतो तो इम्युनोग्लोब्युलिनचा (शिरेतून दिल्या जाणाऱ्या निरोगी दात्यांच्या प्रतिपिंडांचा) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याचा. इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला एकूण १२० ग्रॅम. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवे.

या आजारात श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. त्यासाठी ऑक्सिमीटरवर विसंबू नका, त्याचा आकडा फार उशिरा घसरतो. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. वीसच्या आत दम संपत असेल, तर आयसीयू असलेल्या रुग्णालयात तत्काळ हलवा.

– एक मज्जाविकारतज्ज्ञ, पुणे