रविवारची चर्चा : टेन हाग गेले, आता जाब कुणाला?

मंडळी,
मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने सोमवारी (28 ऑक्टोबर 2024) प्रशिक्षक एरिक टेन हाग यांना काढलं. तेव्हापासून ग्रुपवर नुसता गलका चालला आहे. म्हणून रविवारी, 3 नोव्हेंबरला रात्री 8 ते 9:45 समोरासमोर बसू. जागा नेहमीचीच. भाऊबीज आटोपून या. लगेच 10 वाजता युनायटेडची चेल्सीशी मॅच आहे. (इंग्लंडची घड्याळं 27 तारखेला मागे गेली, त्यामुळे आपल्याकडे सगळं तासभर उशिरा. लेस्टरची मॅच तर बुधवारी रात्री 1:15 ला, म्हणजे खरं तर गुरुवारी!)

टेन हाग यांच्यावर पुरेसं बोलून झालंय : यंदा प्रीमियर लीगमध्ये 9 सामने, 11 गुण, चौदावा क्रमांक. रविवारी विषय वरच्या मंडळींचा, म्हणजे मालक आणि व्यवस्थापनाचा. जुलैत टेन हाग यांचा करार 2026 पर्यंत वाढवला कुणी, आणि चार महिन्यांत काय बदललं?

एवढं वाचूनच या :
- फुटबॉलचा कारभार सहमालक जिम रॅटक्लिफ यांच्या गटाकडे, पण हिस्सा (2024 मध्ये) सुमारे 28 टक्के. मतांचं बहुमत ग्लेझर कुटुंबाचं. दोघांना एकाच शिवीत गुंडाळलं की चर्चा तिथेच फसते.
- करारवाढ 4 जुलैची. सीईओ ओमर बेराडा त्यानंतर रुजू झाले. खापर फोडताना तारखा बघा.

प्रत्येकी 3 मिनिटं. टेन हाग यांच्या नुकसानभरपाईचे आकडे नकोत. नव्या प्रशिक्षकाची नावं शेवटच्या 15 मिनिटांतच. खुर्च्या मोजक्या आहेत; येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.