त्याला राडा म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा (बुधवार, ७ जानेवारी २०२६) अंक रद्दीच्या गठ्ठ्यातून परत काढून हे पत्र लिहिते आहे. पान अकरा, डावा कोपरा, मूळव्याधीच्या जाहिरातीच्या बरोबर वर. 'कॅपिटॉल राड्याला पाच वर्षे'. अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांचे समर्थक घुसले त्या दिवसावर सात ओळी. सोबत डोक्याला शिंगं लावलेल्या त्याच उघड्याबंब माणसाचा फोटो. पाच वर्षं झाली, तुमच्याकडे दुसरा फोटो नाही?

फोटोचं सोडा. माझं भांडण 'राडा' या शब्दाशी आहे.

शब्द मला परका नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आहेत, राडे पुष्कळ पाहिले. कबड्डीत पंचाच्या निर्णयावरून होतो तो राडा. वरातीत डीजेवरून होतो तो राडा. दोन्हीकडची पोरं असतात, दुसऱ्या दिवशी ठाण्यात चहा पिऊन मिटवामिटवी होते, आणि कशावरून पेटलं हे कुणालाच धड सांगता येत नाही. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये आत घुसलेल्यांना आपण कशाला आलोय ते पक्कं ठाऊक होतं. दुपारी एक वाजता अमेरिकेची दोन्ही सभागृहं एकत्र बसून अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या राज्याराज्यांच्या मतांची पाकिटं उघडायला लागली होती. अलाबामा झालं, अलास्का झालं, ॲरिझोनावर हरकत आली, चर्चेसाठी सभागृहं वेगळी झाली, आणि सव्वादोनच्या आत माणसं खिडक्या फोडून इमारतीत. ट्रम्प हरल्याचा निकाल मोठ्यानं वाचला जाऊ नये म्हणून आलेली माणसं ती. याला तुमच्या उपसंपादकांनी राडा म्हटलं.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. माझी मुलगी आर्लिंग्टनला असते, वॉशिंग्टनसमोर नदीच्या पलीकडच्या काठाला. तिचा फोन आला, "आई, टीव्ही लाव, आणि घाबरू नकोस." या दोन वाक्यांपैकी पहिलं मी ऐकलं. त्या रात्रीतला शिंगवाला माझ्या लक्षात नाही, गर्दीत कुणीतरी नाचवलेला आपला तिरंगाही फारसा नाही (आपल्या वाहिन्यांनी त्यावरच काय ते दळण दळलं). माझ्या लक्षात राहिल्या त्या पेट्या.

राज्यांच्या मतांची प्रमाणपत्रं ठेवतात त्या लाकडी पेट्या, वरून चामड्याचे पट्टे आवळलेल्या. सभागृह रिकामं करा म्हटल्यावर सगळे जीव घेऊन निघाले, तेव्हा सिनेटच्या कर्मचारी बायकांनी जाता जाता त्या उचलल्या. मर्कली नावाच्या सिनेटरनं त्याच दिवशी पेट्यांचा फोटो टाकला आणि लिहिलं की या उचलल्या नसत्या तर जमावानं जाळून टाकल्या असत्या. पेट्या ज्यांच्या ताब्यात असतात, त्या पार्लमेंटेरियनचं (सिनेटला नियम सांगणाऱ्या अधिकाऱ्याचं) कार्यालय नंतर उलथंपालथं केलेलं सापडलं. मुलगी म्हणते, "आई, जळल्या असत्या तरी काही अडलं नसतं. प्रत्येक राज्य सहा प्रती काढतं." काढत असेल. नमुना १७-सीच्या, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या, प्रती आपणही मतदान प्रतिनिधींना देतो. म्हणून मतदान यंत्र कुणी पळवलं तर चालेल का?

हे पेट्यांचं माझ्या डोक्यात का बसलं, ते सांगते. १९९५ ची विधानसभा. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांचा काळ, इलेक्शन ड्यूटी म्हटलं की पोटात गोळा यायचा. आमचं केंद्र डोंगराकडच्या एका दोनखोली शाळेत होतं. केंद्राध्यक्ष शेजारच्या शाळेचे हेडसर, आणि मी बोटाला शाई लावायला. पाच वाजता सरांनी दार लावून घेतलं आणि रांगेत उभे होते त्यांना नियमाप्रमाणे शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या. सव्वापाचला एक टेम्पो आला. तीसेक माणसं. "आमची मतं राहिलीत, घ्या." सर म्हणाले, चिठ्ठी नाही त्याचं मत नाही. दहा मिनिटं आवाज चढत गेले, मग पहिला दगड कौलावर, दुसरा खिडकीतून आत. एक कॉन्स्टेबल, एक होमगार्ड, बाकी आम्ही मास्तर.

सरांनी काय करावं? फळ्याखालच्या कोपऱ्यात पेटी ओढली आणि तिच्यावर बसले. पाय पसरून, ओट्यावर बसतात तसे. तिसरा दगड त्यांच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि ते एका डोळ्यानं माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मेणबत्ती पेटवा, लाख वितळवायला घ्या. सील राहिलंय." माझ्या हातात शाईची बाटली होती, ती निम्मी माझ्या साडीवर सांडली. साडी अजून आहे. डाग कसला जातोय.

तासाभरानं झोनल अधिकाऱ्यांची जीप आली तेव्हा टेम्पो पसार झाला होता. साहेब म्हणाले, गुरुजी, आधी दवाखान्यात चला. सर म्हणाले, पेटीची पोच मिळाल्याशिवाय मी कुठे येत नाही. जीपमध्ये बसलेच नाहीत. भुवईला रुमाल बांधून, पेटी मांडीला लावून आमच्याबरोबर ट्रकमधून तालुक्याला आले. तिथे रांग. रात्री तीनला पोच मिळाली. मधे एका कारकुनानं मला हटकलं, शाईची बाटली निम्मीच कशी? खुलासा लेखी द्या. मी दिला. "साडीवर सांडली" असा.

आणि दुसऱ्या दिवशी एका दैनिकात (तुमचं की दुसऱ्या कुणाचं, आठवतं आहे पण नाव घेत नाही) आमच्या तालुक्याची बातमी: 'किरकोळ बाचाबाची वगळता मतदान शांततेत'. सर ते कात्रण घेऊन शाळेत आले. भुवईला पाच टाके. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "बाई, आपण किरकोळ."

सर आता नाहीत. पण तुमचा 'राडा' वाचला आणि मला ते 'किरकोळ' ऐकू आलं.

सर पेटी सोडून हलले नव्हते, म्हणूनच कॅपिटॉलनंतर दीड वर्षानं, २०२२ च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या चौकशी समितीपुढची साक्ष वाचली तेव्हा मी कुणाला न सांगता थोडी रडले. मोजणीच्या अध्यक्षस्थानी असलेल्या, ट्रम्प यांच्याच उपाध्यक्ष माइक पेन्स यांना इमारतीच्या पोटात, माल उतरवायच्या जागेत नेऊन ठेवलं होतं. बाहेर त्यांना फाशी द्या म्हणून घोषणा चालू होत्या, फाशीचा सांगाडाही उभा केला होता. सुरक्षा रक्षक म्हणत होते गाडीत बसा, आणि ते बसले नाहीत. गाडी निघाली असती की मोजणी राहिली असती. पेन्स यांचं राजकारण मला काडीचं पटत नाही, चार वर्षं मान डोलावलीच की त्यांनी. पण त्या दिवशी त्यांच्याकडे काम होतं ते आमच्यासारखंच कारकुनी: पाकीट उघडा, वाचू द्या, बेरीज सांगा. रात्री आठला सभागृह परत भरलं आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास बेरीज सांगून झाली, बायडेन ३०६, ट्रम्प २३२. मधल्या वेळात जवळजवळ १४० पोलीस जखमी झाले होते. एक, हॉजेस नावाचा, दाराच्या फटीत चिरडला जात असताना ओरडतोय ती चित्रफीत मी एकदा पाहिली, परत पाहणार नाही.

आता तुमच्याविषयी. ६ जानेवारी हा आपल्याकडे पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' काढलं, त्यामुळे परवाच्या अंकात तुम्ही दोन रंगीत पानं स्वतःच्या कौतुकाला दिली होतीत. द्यावीत, माझी ना नाही. शाल-श्रीफळाचे फोटोही ठीक. पण त्याच तारखेला वॉशिंग्टनमध्ये त्या इमारतीच्या एका दारावर 'माध्यमांचा खून करा' असं कोरून ठेवलं होतं, आणि बाहेर वार्ताहरांचे कॅमेरे, तिवया ढीग करून फोडल्या होत्या. एका कॅमेऱ्याच्या वायरचा फास करून झाडाला टांगला होता. हे तुमच्या व्यवसायबंधूंचं. जांभेकरांचा आरसा दाखवायच्या दिवशी तुम्हाला हे दिसलं नाही? की दोन पानं भरली होती आणि उरलेल्या जागेत सात ओळीच बसत होत्या? (रंगीत पानांवरून आठवलं: हल्ली पहिलं पान शोधायला बिल्डरच्या जाहिरातींची चार पानं उलटावी लागतात. ते आता पाचवं असतं हे एकदा तरी छापा, म्हाताऱ्या माणसांची शोधाशोध वाचेल.)

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी हे ऐकून विचारलं, तुम्हाला अमेरिकेचं काय पडलंय? सोसायटीत निम्म्या घरांतली पोरं तिकडे आहेत, हे एक. आणि दुसरं, त्यांचंच उत्तर त्यांनी पुढच्या वाक्यात दिलं: "आपल्याकडे सत्तांतराला दगड लागत नाहीत, हॉटेल लागतं." मी हसले. हसण्यासारखंच आहे. पण म्हणून तिकडच्या दगडाला खडा म्हणायचं का?

शब्दाचं पुढे काय होतं, हेही तिकडेच दिसतं. ट्रम्प यांनी २०२४ च्या प्रचारात त्या दिवसाला 'प्रेमाचा दिवस' म्हटलं. २० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी सुमारे दीड हजार लोकांना एका सहीनं माफी दिली, वर चौदा जणांची शिक्षा कमी केली. बावीस वर्षांची शिक्षा झालेला माणूसही सुटला. प्रेमाच्या दिवसाला शिक्षा कशी देणार? आणि ज्यांनी इमारत राखली त्या पोलिसांच्या नावाची पाटी लावायचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला, मुदत एका वर्षाची. पाटी तयार होऊन पडून होती. डन आणि हॉजेस या दोन पोलिसांना २०२५ च्या जूनमध्ये त्यासाठी कोर्टात जावं लागलं. परवा पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हाही ती भिंतीवर नव्हती. आपल्याकडे पूल व्हायच्या आधी कोनशिला तयार असते, नळाला पाणी यायच्या आधी आमदारांच्या नावाचा फलक. तिथे काम होऊन पाच वर्षं झाली तरी पाटीला भिंत मिळाली नव्हती. सात ओळींत ही एक ओळ बसली असती, फोटो थोडा कापून.

माझी मागणी मोठी नाही. दुरुस्ती छापा: 'राडा' ऐवजी 'हल्ला' वाचावे. दोन अक्षरांचाच शब्द आहे, मथळ्यात जागा जास्त लागणार नाही. आणि पत्र लांबलं आहे हे मला कळतं. कापायचंच असेल तर पत्रकार दिनाचा परिच्छेद कापा, मी वाईट वाटून घेणार नाही. पेटीचा कापू नका. एकदा कापून झाला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

ता. क. – दिवाळीनंतर माझं बसथांब्याच्या बाकांबद्दलचं पत्र छापलंत, त्यात माझ्या नावाआधी 'श्री.' लावलंत. शेजारच्या वहिनी अजून मला "काय श्रीमान" म्हणून हाक मारतात. या वेळी नाव छापूच नका.