पार्किंगमध्ये गाडीचा अल्टरनेटर बदलण्याची परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
व्यवस्थापन समिती

विषय: बेसमेंट पार्किंगमध्ये, माझ्या जागेवर, डिझेल गाडीचा अल्टरनेटर बदलण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ: सूचनाफलकावरील ‘पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस सक्त मनाई’ ही सूचना.

महोदय,
स.न.वि.वि.

सूचना वाचली. ती का लागली तेही ठाऊक आहे. बी विंगच्या कोपऱ्यात बॉनेट उघडं टाकून पडून राहिलेली गाडी आणि तिच्याखालचा काळा डाग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यामुळे सूचनेशी माझं भांडण नाही. पण त्या डागापायी हातात पाना धरणारा प्रत्येक सभासद एकाच मापाने मोजला जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. येत्या रविवारी सकाळी मला माझ्या जागेवर हे काम करायचं आहे आणि त्यासाठी समितीची लेखी परवानगी हवी आहे.

आधी गाडीचं दुखणं सांगतो, कारण ‘बॅटरी बदलून टाका की’ हा सल्ला लिफ्टपासून गेटपर्यंत सगळीकडे मिळून चुकला आहे. बॅटरी उत्तम आहे. चार्ज करून, गाडी बंद ठेवून मोजली तर 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राने, बॅटरीच्या टोकांवर साधारण 14 ते 14.5 व्होल्ट द्यायला हवेत. इथे मीटरचा आकडा 12 च्या घरातच राहतो आणि तिथूनही खाली सरकत जातो. म्हणजे गाडी बॅटरीच्या शिलकीवर चालते आहे. बेल्ट शाबूत आहे, त्याचा ताण ठीक आहे, मुख्य फ्यूज आणि जाड केबलची जोडणीही तपासली. शिवाय अल्टरनेटरच्या आतून बेअरिंगची घरघर येते, त्यामुळे नुसते कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बदलून भागणार नाही. आख्खा नगच बदलायला हवा.

गॅरेजला का नेत नाही, असं आपण विचाराल. चार्ज केलेल्या बॅटरीवर गाडी गेटपर्यंत नक्की जाईल आणि तिथून टोइंग करून पुढेही नेता येईल. तो मार्ग मी नाकारत नाही. मात्र भर रस्त्यात ती चालवत नेणं मला मान्य नाही. जुन्या बऱ्याच डिझेल गाड्या एकदा सुरू झाल्या की विजेवाचूनही धावायच्या, कारण त्यांचा इंधनपंप पूर्ण यांत्रिक असे. आताच्या ‘कॉमन रेल’ प्रकारच्या डिझेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, विजेवर उघडतो. व्होल्टेज पडलं की इंजिन जागेवर बंद. पण खरं कारण वेगळं आहे. हे काम मला येतं, हत्यारं घरात आहेत आणि ते पार्किंगला न बिघडवता होण्याजोगं आहे. आपल्याच पार्किंगमध्ये पंक्चरवाला जॅक लावून चाक काढतो, बॅटरीवाला येऊन बॅटरी बदलून जातो. त्यांना कोणी हटकत नाही आणि हटकूही नये. मग मनाई कामाला आहे की काम करणाऱ्या सभासदाला?

मागच्या बैठकीत आगीचा मुद्दा निघाला होता, तो रास्त आहे. फक्त धोका जिथे आहे असं वाटतं तिथे तो नाही. या कामात डिझेलच्या एकाही पाइपला हात लागत नाही. धोका आहे तो विजेचा. अल्टरनेटरच्या पाठीमागच्या जाड केबलमध्ये चावी काढल्यावरही बॅटरीचा थेट प्रवाह असतो. तिचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात आणि पाना जागीच चिकटून लाल होऊ शकतो. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार पहिली सुटणार आणि सगळं जोडून झाल्यावर शेवटी लागणार. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा तेही बेसमेंटमध्ये करणार नाही. बॅटरी वर आणून उघड्या गॅलरीत, माझ्या मीटरवर चार्ज करेन. सोसायटीच्या कॉमन पॉइंटला हात लावणार नाही.

आता तेलाचं. अल्टरनेटर हे विजेचं यंत्र, त्यात तेल कुठून आलं, असं कोणालाही वाटेल. पेट्रोल गाडीत ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला लागणारी पोकळी (व्हॅक्यूम) इंजिनाच्या ओढीतूनच मिळते. डिझेल इंजिनात तशी ओढ मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही गाड्यांत, माझ्याही, तो अल्टरनेटरच्या पाठीलाच, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो आणि त्याला बारीक नळीतून इंजिन ऑइल पुरवलेलं असतं. ती नळी सोडवली की पंपात साचलेलं थोडं तेल खाली येणारच. ‘एक थेंबही सांडणार नाही’ असं लिहून देणं खोटं ठरेल. थेंब फरशीवर पोचणार नाहीत, हे लिहून देतो. खाली पसरट ट्रे, त्याखाली प्लॅस्टिक आणि बाजूला लाकडाचा भुसा असेल. नळीच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे घालणार, म्हणजे नंतर ठिबकायला नको. तेलाचं फडकं आणि ट्रेमधलं तेल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे जाईल. गटारात किंवा ओल्या कचऱ्यात नाही.

याच पंपामुळे काम झाल्यावर सर्वात आधी मी व्होल्ट नव्हे, ब्रेक पाहणार आहे. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, मग त्यावर पाय ठेवूनच सेल्फ मारायचा. पंप बरोबर ओढत असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. ते गेलं नाही तर गाडी एक फूटही हलणार नाही. बेसमेंटच्या चढावर कडक पेडलची गाडी मलाच नको आहे.

खालचा बोल्ट चाकाच्या बाजूने सुटतो, त्यामुळे पुढचं एक चाक काढावं लागेल. गाडी नुसत्या जॅकवर उभी राहणार नाही. खाली स्टँड आणि मागच्या चाकांना पाचर असेल. मुलं तिथे सायकली फिरवतात, म्हणून जागेभोवती दोरी बांधेन आणि चाक परत बसेपर्यंत तिथून हलणार नाही. शेजारच्या जागेवरच्या सभासदांशी बोलणं झालं आहे, ते त्या वेळेपुरती गाडी बाहेर लावतील. बॅटरी जोडताना गाडीचा भोंगा वाजू शकतो, तेव्हा वॉचमनना आधी कल्पना देईन. चाचणीसाठी हेडलाइट आणि एसी लावून इंजिन काही वेळ चालवावं लागतं. तो धूर बेसमेंटमध्ये नको, म्हणून ब्रेक पाहून झाल्यावर गाडी वर मोकळ्या जागेत आणून तिथे मीटर लावेन.

ठोकाठोकी नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही. जुना बोल्ट अडून बसला तर पान्याला लांब पाइप लावून जोर करेन. तेवढी कुरकुर ऐकू येईल. नवा नग आणून ठेवला आहे. त्याची अँपिअर क्षमता आणि पुली जुन्याशी ताडून पाहिली आहे. डिझेल इंजिनाच्या धक्क्यांमुळे या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो आणि साधी पुली चालवून घेतली तर बेल्ट लवकर जातो. भाग कमी पडला म्हणून गाडी उघडी पडून राहील, ही भीती नसावी.

जाता जाता एक सुचवतो. सूचनेत ‘वाहनदुरुस्ती’ या मोघम शब्दाऐवजी इंधनाची लाइन उघडणं, इंजिन ऑइल बदलणं, वेल्डिंग, रंगकाम आणि गाडी रात्रभर उघडी ठेवणं यांना स्पष्ट मनाई लिहावी. बाकी कामांना आदल्या दिवशी कार्यालयात नोंद पुरे. असं केलं तर कोपऱ्यातल्या त्या गाडीवरही कारवाई करता येईल. आजच्या सूचनेत ती गाडी बसतच नाही, कारण तिची दुरुस्ती कोणी करतच नाही.

कामानंतर जागा दाखवायला सचिवांना मी स्वतः बोलावेन. डाग दिसला तर सफाईचा खर्च माझ्या देखभाल बिलात लावावा. परवानगी शनिवार संध्याकाळपर्यंत कळवावी ही विनंती. नकार असेल तर कारण लेखी द्यावं आणि तोही शनिवारीच कळवावा, म्हणजे टोइंगवाल्याला सांगता येईल.

आपला विश्वासू,
सभासद, ए विंग