सहा महिन्यांत एक्सरे टेक्निशियन होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, एसटी स्टँडच्या आसपास पॅम्प्लेट चिकटवलेली दिसतात, सहा महिन्यात एक्सरे-सीटी टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी. मी रेडिओलॉजी आणि मेडिकल इमेजिंगच्या डिग्रीला तिसऱ्या वर्षाला आहे आणि हे वाचलं की जीव तुटतो, कारण तिथे जाणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, नीटला मार्क कमी पडलेली, आणि फी भरायला घरच्यांनी कापसाचा पैसा मोडलेला असतो.

२०२१ चा अलाईड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून टेक्निशियनसारख्या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीचा, केंद्राचा कायदा आहे, त्यात आमचं क्षेत्र येतं आणि त्याप्रमाणे डिप्लोमा असो की डिग्री, कमीत कमी २००० तास आणि दोन वर्षं शिक्षण लागतं. सहा महिन्यात हे बसणारच कसं?

लोकांना वाटतं नुसतं बटण दाबायचं काम आहे. साधा छातीचा फोटो घ्या, पेशंटची छाती प्लेटला टेकलेली, ट्यूब मागे सहा फुटावर, हनुवटी वर, दोन्ही खांदे पुढे दाबलेले, म्हणजे पाठीची फऱ्याची हाडं फुफ्फुसावरून बाजूला सरकतात, मग श्वास पूर्ण भरून रोखायचा. धडगाव-मोलगीकडून खोकत आलेल्या बाबांना हे त्यांच्या बोलीत सांगावं लागतं, स्वतः करून दाखवावं लागतं, तेवढ्यात ते हलले की फोटो हलला, परत काढा, म्हणजे रेडिएशन परत. केव्हीपी, एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि प्रमाण, अंगकाठी बघून लावायचं, लहान लेकराला मोठ्या माणसाचं सेटिंग चालत नाही. पोटाच्या एक्सरेआधी बाईला दिवस गेलेत का हे विचारावंच लागतं, आणि सासू शेजारी उभी असताना ते कसं विचारायचं हे पोस्टिंगमध्ये, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष ट्रेनिंगमध्ये, सिनियर मॅडमना बघूनच कळतं. एमआरआयचं मॅग्नेट तर पेशंट नसला तरी चालूच असतं, लोखंडी वस्तू जोरात खेचून घेतं, २०१८ मध्ये मुंबईत त्या रूममध्ये ऑक्सिजन सिलिंडर गेला आणि पेशंटसोबत आलेल्या नातेवाईकाचा जीव गेला.

माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच कोर्स करून एका छोट्या सेंटरवर लागला, रोज एक्सरे काढतो पण त्याला टीएलडी बॅज, म्हणजे रेडिएशन मोजायचा बिल्ला, दिलेलाच नाही. हा बॅज छातीवर, लेडच्या (शिशाच्या) एप्रनच्या आत लावतात, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, त्यावरून कळतं अंगावर किती रेडिएशन पडलं. एईआरबी म्हणजे केंद्राचं अणुऊर्जा नियामक मंडळ, त्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) आहे, पण बॅजच नाही तर मोजणार कोण आणि कशाने? पुढे काही झालं तर त्याच्याकडे दाखवायला एक कागद नसेल, याचा मला मनापासून राग येतो.

पालकांना एवढीच विनंती, फी भरायच्या आधी कोर्स कोणत्या विद्यापीठाचा ते विचारा, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा सांगितला तर त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजचं नाव शोधा, पोस्टिंग कोणत्या हॉस्पिटलला आणि तिथे सीटी, एमआरआय आहे का, बॅज मिळतो का हेही विचारा, उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर सरळ उठून या. आणि संपादक साहेब, प्रवेशाच्या दिवसात आपल्या खान्देश पानावर तिन्ही जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी छापा आणि अशा कोर्सची जाहिरात घेताना मान्यतेचं पत्र मागा.

– रेडिओलॉजीची एक विद्यार्थिनी, धुळे